ट्रेंटकाठच्या सात पायऱ्या

माझ्या वडिलांना मी भ्रमिष्ट ठरवले, आणि त्यांच्यामुळे मिळालेले श्रेय स्वतःच्या नावावर लावले. नऊ वर्षे हे मी कोणालाही कळू दिले नाही. अमानवीय म्हणावे अशा कशावरही माझा विश्वास नव्हता. मी वृद्धांच्या आजारांचा डॉक्टर, भासांची शास्त्रीय नावे मला पाठ होती... कदाचित तिथेच घोटाळा झाला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आम्ही नॉटिंगहॅमपासून थोड्या अंतरावर, ट्रेंट नदीकाठच्या एका लहान गावात राहत होतो. घरापासून पाच मिनिटांवर पार्क होता. एके काळी तिथे मालाच्या होड्या लागत. पुढे कापड रंगवण्याचा कारखाना आला. तो पाडल्यावर सगळा राडारोडा काठावरच लोटला आणि वर माती टाकून हिरवळ लावली. आमच्या वेळी तिथे कुत्री फिरवणारी मंडळी असत, बदकांना पाव घालणारी मुले असत, आणि उन्हाळ्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाची पिकनिक होई. नदी मात्र लांबूनच पाहायची — काठावर काटेरी झुडपांची भिंत, आणि तिच्यापुढे तारेचे कुंपण.

त्या उन्हाळ्यात बाबा वाईहून आले. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय बहात्तर. जन्मभर कृष्णेत उभे राहून सूर्याला अर्घ्य दिलेले. इथेही रोज सकाळी तांब्या घेऊन पार्ककडे निघत. एकदा परतले ते गुडघ्यापर्यंत भिजलेल्या धोतराने. तांब्यात नदीचे पाणी होते.

"बाबा, कुंपण ओलांडलंत की काय?"

"कसलं कुंपण? चांगल्या दगडी पायऱ्या आहेत की! त्या वाकलेल्या विलोच्या झाडाच्या डाव्या अंगाला. मोजून सात. पाचवीचा कोपरा उडालाय, तेवढा जपायचा."

मी त्यांना तसाच परत घेऊन गेलो. विलोच्या डाव्या बाजूला सपाट हिरवळ, मग कुंपण, मग झुडपे. मांजरसुद्धा आत शिरले नसते. बाबा नुसते पाहत राहिले. "इथंच होत्या रे..."

संध्याकाळी दोन डॉक्टर मित्र सपत्नीक जेवायला आले होते. त्यांच्यादेखत मी बाबांच्या स्मरणशक्तीची तपासणी घेतली, अगदी वॉर्डात घेतो तशी.

"पंतप्रधान कोण आहेत?"

"कुठल्या देशाचे, ते आधी सांग."

सगळे हसले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर बाबांनी न अडखळता मला दोनपर्यंत आणून सोडले. तरीही मी पाहुण्यांना म्हणालो, "वयानं होतं असं. भास आहे."

स्वयंपाकघरात माझी पत्नी सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, भासानं धोतर भिजतं का?"

मी तिकीट बदलून बाबांना दोन महिने आधीच परत पाठवले. विमानतळावर ते एवढेच म्हणाले, "तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली ना मी? मग नापास का केलंस?"

पुढच्या वसंतात बातमी आली, की काठाचा तो पट्टा भक्कम कुंपण घालून कायमचा बंद होणार. पार्कसाठी झटणाऱ्या गटाची प्रमुख मार्गारेट ही निवृत्त शिक्षिका होती. तिने बैठकीत सांगितले, "इथे पूर्वी सार्वजनिक धक्का होता हे सिद्ध झालं, तर पालिकेला तो काठ बंद करता येणार नाही. पण पुरावा कुठे आहे?"

मी कसा बोललो, मलाच कळले नाही — "विलोच्या डाव्या अंगाला खणून पाहा."

रीतसर परवानगी मिळवून एका शनिवारी आम्ही पंधराजण फावडी घेऊन जमलो. चार फुटांवर पहिला दगड लागला. पुढचे तीन शनिवार खणत होतो. पायऱ्या सात निघाल्या. पाचवीचा कोपरा उडालेला होता.

लोकांनी टोप्या उडवल्या. मार्गारेटने मला मिठीच मारली. "डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं?"

"जुन्या नकाशात पाहिलं होतं," मी म्हणालो.

स्थानिक वर्तमानपत्रात माझा फोटो आला. कुंपणाचा बेत रद्द झाला. काठ साफ करून धक्का पुन्हा बांधायला पुढची आठ वर्षे गेली. आज तिथे शाळेची मुले वल्ह्यांच्या कनू होड्या चालवतात, म्हातारे गळ टाकून बसतात, आणि परवानगी घेऊन आमच्या मंडळाचा गणपतीही तिथूनच पाण्यात उतरतो.

नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला मी बाबांना बोलावून घेतले. एक्याऐंशी वर्षांचे बाबा, कोटाखाली धोतर, पहिल्या रांगेत. बँड वाजला, फीत कापली गेली, आणि मार्गारेटने माझ्या हाती माईक दिला.

नकाशा कधीच नव्हता. नंतर मी खरोखर शोधला. एकाही नकाशात त्या पायऱ्या नाहीत. चार फूट मातीखालच्या पायऱ्यांवरून एक माणूस नदीत कसा उतरला, हे मला आजही सांगता येत नाही. बाबांनाही नाही. "पायऱ्या होत्या, उतरलो," एवढेच ते म्हणतात.

हे सगळे मी त्या गर्दीला इंग्रजीत सांगितले. सारा पार्क उभा राहिला आणि बाबांसाठी टाळ्या वाजू लागल्या. मार्गारेटने त्यांना हात धरून पुढे आणले. टाळ्या थांबल्यावर मी त्यांच्याकडे वळलो आणि, माईक तसाच हातात धरून, मराठीत म्हणालो —

"बाबा, तुम्ही खरं बोलत होतात. चार लोकांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं, आणि तुमचं ते माझं म्हणून मिरवलं. माझं चुकलं. मला माफ करा."