व्याह्यांचा पाणीपुरवठा

पाण्याची काळजी पोटच्या लेकरासारखी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा व्याही निघाला. माझ्या सुनेचे हे वडील जन्मभर एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी खात्याला सोडलं नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी नळाकडे बघायचे, मग माणसांकडे. पाण्याचा पेला हातात आला की उजेडाकडे धरायचे, एक घोट तोंडात घोळवायचे आणि मगच गिळायचे. अमेरिकेत लेकीकडे पहिल्यांदा पाहुणे म्हणून आले तेव्हा पहिल्याच सकाळी नळाचं पाणी पिऊन म्हणाले, "क्लोरीन थोडं जास्त पडलंय. रात्रपाळीचा माणूस नवीन दिसतो." न्यू जर्सीतल्या त्या गावाच्या टोकाला उंच खांबावर एक पांढरी गोल टाकी आहे. आपण देवळात जाऊन यावं तसे ते दर रविवारी चालत त्या टाकीपर्यंत जाऊन यायचे. एकदा माझ्या मुलाच्या मित्राकडे वाढदिवसाला गेलो होतो. केक कापायची वेळ झाली तरी व्याही कुठे दिसेनात. शोधलं तर स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवे झालेले, नवे बूट घातलेले दोन पाय तेवढे बाहेर. आतून आवाज आला, "वायसर गेलाय. चालू द्या तुमचं."

माझ्याशी मात्र ते बोलत नसत. भांडण नव्हतं, उलट मान फार होता. मी वरमाय, म्हणजे त्यांच्या लेखी मी कायमची लग्नाच्या मांडवातच बसलेली होते. लग्नात आमच्याकडे विहिणीचे पाय धुण्याची पद्धत आहे. त्या वेळी सगळे खोळंबले होते आणि हे गृहस्थ सदऱ्याची बाही वर करून घंगाळातल्या पाण्यात कोपर बुडवून बसले होते. भटजी म्हणाले, "अहो, आटपा." तर हे म्हणाले, "थांबा, कढत आहे. विहीणबाईंचे पाय भाजले तर मी तोंड कुठे दाखवू?" शेवटी थंड पाण्याचा तांब्या मागवून, ते ओतून, पुन्हा कोपर बुडवून, समाधान झाल्यावर त्यांनी मान हलवली. मी लाजेने मान वर केली नव्हती, पण पाणी अगदी हवं तसं होतं हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या नातवंडाच्या वेळी मी सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले, तेव्हा हे तिथेच होते. त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, वारल्यावर मेघनाने, म्हणजे माझ्या सुनेने, त्यांना कायमचं बोलावून घेतलं होतं. आता एका घरात वरमाय आणि वधूपिता. मी स्वयंपाकघरात आले की ते खुर्चीतून उठून उभे राहत. मी कप विसळायला घेतला तर कासावीस होत आणि भिंतीकडे बघून म्हणत, "मेघना, कप राहू दे म्हणावं." मेघना वरच्या मजल्यावर बाळाला पाजत असायची. मीही मुळातली अबोल. त्यामुळे सकाळी मुलगा जर्सी सिटीला ऑफिसात गेला की घरात नुसती शांतता. त्या शांततेत आम्ही दोघं एकमेकांना मान देत बसायचो.

बोलायची वाट उघडली ती कोंबड्यांमुळे. मोठ्या नातीच्या, रियाच्या शाळेत मुलांना दाखवायला वर्गात अंडी उबवली होती. पिल्लं झाल्यावर बाईंनी विचारलं, ही कोण नेणार? बाकीचे आईबाप गाड्यांच्या किल्ल्यांशी खेळत राहिले आणि नातीला घ्यायला गेलेल्या आजोबांनी हात वर केला. घरात अंडं न खाणारी ही माणसं, आणि मागच्या अंगणात चार कोंबड्या! त्यांची नावं काय, तर कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गोदा. अंडी शेजारपाजारी जायची. व्याही ती दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी द्यायचे. खुराड्याच्या दारावर त्यांनी खडूने मराठीत पाटी लिहिली होती, "पाणीपुरवठा सकाळी व सायंकाळी". खुराड्याशेजारी खुर्ची टाकून ते तासन् तास कोंबड्यांशी गप्पा मारत. मेघना मला एकदा म्हणाली, "आई, इथे आल्यावर बाबा वर्षभर गप्प होते. डॉक्टरसुद्धा करून झाले. कोंबड्या आल्या आणि बोलायला लागले." त्यानंतर मला त्या कोंबड्यांकडे बघताना वेगळंच वाटू लागलं.

मी तिथे गेल्यावर तर कोंबड्यांना दुभाष्याचंही काम लागलं. मी मागच्या दारात निवडणं घेऊन बसले की व्याही अंगणातून मोठ्याने म्हणत, "कृष्णाबाई, कालची आमटी फार छान झाली होती, नाही का?" मग मीही मेथीच्या जुडीकडे बघत म्हणे, "कोयने, मफलर बांधून बसावं म्हणावं, वारं सुटलंय." मुलगा हे ऐकून हसून हसून लोळायचा. "आई, यार, तुम्ही दोघं डायरेक्ट बोला ना!" पण कोंबडीमार्फत बोलणं दोघांनाही सोयीचं होतं. कोंबडी मधे असली की मानाला धक्का लागत नाही.

आणि मग थंडी पडली. एका सकाळी व्याही खुराड्यातून पाण्याचं भांडं घेऊन आले आणि त्यांनी ते ओट्यावर पालथं केलं. पाणी सांडलं नाही. बर्फाची जाड चकती भांड्याला धरून बसली होती. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर सभेत त्यांचा राजीनामा मागितला असावा. रिया म्हणाली, "आबा, इट्स जस्ट आइस." ते म्हणाले, "बाळ, हा पुरवठा खंडित झालाय." माझा मुलगा म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. स्टोअरमध्ये हीटेड बाऊल मिळतो, मी ऑर्डर करतो." व्याही ताठ झाले. "माझी उभी हयात पाण्यात गेली, आणि चार कोंबड्यांना पाणी पाजायला मी बाजारातून भांडं आणू?"

त्या दिवसापासून घरात जे प्रयोग सुरू झाले ते काही विचारू नका. आधी त्यांनी भांड्याला गोधडी गुंडाळली. ती गोधडी मी बाळासाठी गावाहून नेली होती, पण ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पाणी सांडून ती भिजली आणि सकाळी अशी कडक झाली की भिंतीला टेकवून उभी करता आली. मग त्यांना सुचला नंदादीप. देवघरातली जुनी समई घेऊन त्यांनी विटांच्या मधे ठेवली, वर पाण्याचं भांडं ठेवलं. "देवाचं पाणी जसं कधी गोठत नाही तसं," असं गोदेला समजावून सांगत होते. समईत घातलं होतं केसांना लावायचं खोबरेल. पाणी गोठायच्या आधी तेलच गोठलं. समईत वात उभीच्या उभी, पांढऱ्याशुभ्र तेलात रुतलेली. ती बघून मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावून आत पळाले. मागून आवाज आला, "वेण्णाबाई, हसणाऱ्यांना हसू द्यावं."

तिसरा प्रयोग विजेचा. मेघनाचा चकल्यांचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्यांनी आत दिवा बसवला, वर भांडं ठेवलं आणि गॅरेजमधून लांब वायर ओढली. खरं सांगायचं तर हा प्रयोग झकास जमला. पाण्यातून वाफा निघत होत्या, कोंबड्या भांड्याभोवती शेकत बसल्या होत्या आणि व्याही खुर्चीत राजासारखे. पण वायरीच्या जोडावर बर्फ वितळून पाणी शिरलं आणि घरातले दिवे गेले. त्या दिवशी मुलगा घरून काम करत होता. ऑफिसची मोठी मीटिंग फोनवर चालू होती, ती तुटली. मेघना बाळाला छातीशी धरून अंधाऱ्या जिन्यावरून खाली आली. "बाबा, ओल्यात करंट नको! रिया तिथे अनवाणी जाते. हीटेड बाऊल नको, बल्ब नको, बाहेर वायरच नको. कळलं?" व्याह्यांनी मान खाली घातली. चकल्या मात्र बरेच दिवस वर्तमानपत्रात होत्या.

उरला एकच उपाय, हाताने पाणी नेण्याचा. घटकाघटकाला किटलीत पाणी गरम करायचं, कोपर टेकवून बघायचं, बर्फातून खुराड्यापर्यंत जायचं, जुनं भांडं उचलून नवं ठेवायचं. पाटी बदलून त्यांनी लिहिलं, "अखंड पाणीपुरवठा". मी दारातून बघत असे. मला कितीदा वाटलं की आपण किटली घ्यावी, पण वरमायेने वधूपित्याच्या कोंबड्यांना पाणी न्यायचं म्हणजे त्यांना बर्फात गाडून घ्यावंसं वाटलं असतं. मी एकदा नुसता किटलीकडे हात नेला, तर ते किटलीला म्हणाले, "लग्नात पाय धुतलेत मी. आता हे दिवस नको दाखवूस."

आणि एका दुपारी ते घसरले. किटली एकीकडे, टोपी एकीकडे. हाड मोडलं नाही, पण मनगट चांगलंच मुरगळलं. डॉक्टरांकडून हात गळ्यात बांधून आले, आणि रात्रीच्या जेवणाला मेघना ठामपणे म्हणाली, "बास, बाबा. मी फोन केलाय. शनिवारी एक फार्मवाला येईल, चौघींना घेऊन जाईल. त्याच्याकडे मोठा गोठा आहे, हीटर आहे. त्यांचं भलंच होईल." मुलगा म्हणाला, "खरंच बाबा, तुमचं हिप मोडलं असतं म्हणजे?" व्याही डाव्या हाताने भात कालवत राहिले. तोंडात घास जात नव्हता. बाहेर खुराड्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग बघायचं टाळलं. मला मेघनाचं वाक्य आठवलं, वर्षभर गप्प होते.

माझ्या हातात आमटीचा डाव होता. चारचौघांत बोलायचं मला कधीच जमत नाही. तरी मी डाव खाली ठेवला आणि म्हणाले, "लग्नात मी मानाचं काही मागितलं नव्हतं."

मेघना म्हणाली, "आई? काय झालं?"

"ते आता मागते. या कोंबड्या राहू देत. आणि थंडी संपेपर्यंत त्यांना पाणी मी नेणार. वरमायेला नाही म्हणायचं नसतं."

मुलाच्या हातातला पापड मोडला. व्याही उठून उभेच राहिले, हात गळ्यात, चेहरा लालबुंद. "मेघना, सांग त्यांना, हे अघटित आहे! विहीणबाईंनी पाणी वाहायचं?" मेघना बापाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते, पण हसत होती. म्हणाली, "बाबा, मान मागितलाय. आता तुमचं काही चालत नाही. फार्मवाल्याला कॅन्सल करते मी."

दुसऱ्या दिवसापासून मी साडी वर खोचून, वर मुलाचा कोट, पायात त्याचे बूट अशी किटली घेऊन निघू लागले. व्याही खिडकीच्या काचेला नाक लावून उभे. "कृष्णाबाई, डावीकडून या म्हणावं, उजवीकडे घसरतं!" काच बंद होती, कृष्णाबाईला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. मला मात्र ऐकू यायचं. पहिल्याच फेरीत बुटात बर्फ शिरला आणि परत आले तेव्हा पाय लाकूड झाले होते. दारात बघते तर रियाच्या आंघोळीचा टब ठेवलेला, पाण्याने भरलेला. शेजारी व्याही, डाव्या हाताची बाही वर केलेली, कोपर ओलं. माझ्याकडे न बघता ते टबालाच म्हणाले, "कोमट आहे. पाहिलंय." आणि वरच्या मजल्यावर निघून गेले. मी पाय टबात सोडले. पाणी अगदी हवं तसं होतं. त्यानंतर थंडी संपेपर्यंत तो टब कधी चुकला नाही.

होळीच्या सुमारास मी परत आले. त्यानंतर दर रविवारी मुलाचा फोन येतो. फोनच्या कार्डातले पैसे संपत आल्याचा आवाज यायच्या आत सगळे घाईघाईने बोलतात. व्याही फोनवर कधीच येत नसत. मागून आवाज तेवढा यायचा, "गोदाबाई, विहीणबाईंना सांगा, यंदा बर्फ कमी आहे." मीही मुलाला म्हणायची, "गोदेला सांग, जपून चालावं." मधल्या वर्षांत कृष्णा गेली, मग कोयना, मग वेण्णा. गोदा एकटी राहिली, आणि सगळे निरोप तिच्यावर पडले.

गेल्या रविवारी फोन वाजला तो वेगळाच. पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला.

"विहीणबाई."

मी ताडकन उभी राहिले.

"गोदा गेली. थंडीने नाही. उन्हात बसली होती, बसल्या बसल्या गेली."

मी विचारलं, "पाणी?"

"भरलेलं होतं," ते म्हणाले. "कोमट."

"बरं झालं," मी म्हणाले.

पुढचं बोलायला आता मधे कोंबडी नव्हती. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.