फायनलच्या दिवशी हुपरीला

साखरपा मागे पडला आणि एस.टी. आंबा घाट चढू लागली, तेव्हा मी खिशातलं पत्र चौथ्यांदा वाचलं. पत्र कोल्हापूरच्या आनंदीवहिनींचं होतं. त्यांचा नवरा मारुती हा माझा जुना मित्र. ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षं मी शिवाजी पेठेत त्याच्या शिलाईच्या दुकानावरच्या माडीत राहिलो. पुढे मी रत्नागिरीला मास्तर झालो आणि तो पेठेतल्या फुटबॉल संघाचे शर्ट शिवत तिथेच राहिला.

"मागच्या मॅचला ते धाप लागून मैदानातच बसले," वहिनींनी लिहिलं होतं. "डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर फार वाढलंय. त्यानं हृदय मोठं झालंय, मूत्रपिंडांवरही ताण आलाय. मॅचला जायची बंदी केली आहे. पण येत्या रविवारी फायनल आहे आणि ते माझं ऐकणार नाहीत. भावजी, तुम्ही या आणि त्या दिवशी त्यांना कुठंतरी लांब घेऊन जा."

मलकापूरला गाडी थांबली. चहाच्या टपरीवर फेटेवाले एक गृहस्थ शेजारी येऊन बसले.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

"रत्नागिरीचा. कोल्हापुरात मित्र आजारी आहे. रक्तदाब वाढलाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या आण्णाला बी त्योच हुता की. दिसायला धडधाकट गडी. एक दिस बसल्या जागी तोंड वाकडं झालं, बोलणंच गेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी लवकर जावा." जसं काही गाडी माझ्याच हातात होती.

पुढे सगळा ऊस. गुऱ्हाळांच्या (गूळ तयार करण्याच्या जागांच्या) धुराचा गोड वास खिडकीतून कोल्हापूर येईपर्यंत सोबत होता. पंचगंगेचा पूल ओलांडला आणि मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

मारुती मशीनवर बसून एका शर्टाच्या पाठीवर नऊचा आकडा शिवत होता. "आलास व्हय मास्तर! बराब्बर फायनलला आलास की!" आवाज तोच, पेठेच्या टोकापर्यंत जाणारा. पण डोळ्यांखाली सूज होती आणि मशीनचं पायडल मारणाऱ्या पायात चपलेचा पट्टा रुतला होता.

रात्री वहिनींनी मला तांबडा-पांढरा रस्सा वाढला. मारुतीच्या ताटात अळणी भाजी आणि भाकरी. "दवाखान्याचं जेवाण घरात आलंय बघ," तो म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली. झोपताना त्यानं भिंतीला तीन उशा लावल्या आणि बसल्यासारखाच टेकला. आडवं झालं की त्याला गुदमरायचं.

रविवारी सकाळी मी चांदीकामाच्या हुपरी गावाला जायचा विषय काढला. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिला चांदीचे पैंजण हवे होते. ते खरंच होतं. मारुतीनं माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"चारला मॅच हाय. दोनपतोर परत यायचं."

"येऊ की," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं.

हुपरीत घराघरातून बारीक ठोकण्याचा आवाज येत होता. मारुतीच्या ओळखीच्या कारागिराच्या सोप्यात (घराच्या पुढच्या भागात) आम्ही बसलो. त्याची आई आणि बायको चांदीच्या कड्या एकमेकींत गुंतवत होत्या. मी मुद्दाम वेळ काढत होतो. हा नमुना बघ, तो बघ, घुंगरू मोठे असते तर... एक वाजून गेला. पुन्हा मान वर केली तर मारुतीची जागा रिकामी.

मी स्टँडकडे धावलो. कोल्हापूरची गाडी सुटताना पाहून ती धरायला तो पळाला होता. गाडी गेली होती. तो पायरीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. ओठ काळेनिळे पडले होते. छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. कुणीतरी त्याला आडवा करायला पुढे झालं.

"आडवा करू नगासा!" मागून कारागिराची आई धापा टाकत येत होती. "आमच्या मालकास्नी असंच व्हायचं. बसता ठेवा. पाय खाली सोडा त्येचं."

तिनं त्याच्या पाठीला आपला खांदा लावला आणि पुढची गाडी येईपर्यंत हलली नाही. त्या गाडीच्या कंडक्टरनं मारुतीकडे एकदा पाहिलं आणि उतारूंना मोठ्यानं सांगितलं, "मधी कुठं थांबणार न्हाय. दवाखान्यापतोर सरळ." ज्यांची गावं मागे पडत गेली, त्यांतल्या एकानंही तक्रार केली नाही.

वाटेत मारुतीनं माझी बाही धरली. "मास्तर... दोन दिस गोळ्या घेतल्या न्हाईत."

"अरे, का?"

"सारखं लघवीला जावं लागतंय. मॅचमधनं उठाय नगं म्हणून... बॉबिनच्या डब्यात हाईत. तिला सांगू नगंस."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. फुप्फुसांत पाणी साठलंय, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं, गोळ्यांचंही. "मी खोटं बोलून त्याला नेलं नसतं, तर तो असा पळाला नसता," मी म्हणालो.

"खोटं बोलाय मीच सांगिटलं की, भावजी. तुमच्या एकट्याचं न्हवं त्ये." त्यांनी मारुतीच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. थोडा वेळ त्याचा श्वास ऐकत उभ्या राहिल्या. मग मला "बसा हितं" म्हणाल्या आणि कुठं ते न सांगता निघून गेल्या.

दिवस कलताना त्याची धाप कमी झाली. डोळे उघडून तो माझ्याकडे बघत राहिला. काय विचारायचंय ते मला कळत होतं, पण तो विचारत नव्हता. तेवढ्यात वहिनी परतल्या. पावलं धुळीनं भरली होती, केस विसकटले होते.

"दोन-एक," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आपली जिंकली. आता उठाय बघू नगासा. दुसरा गोल शेवटाला झाला म्हणं."

मारुतीला क्षणभर कळेचना. लग्नानंतर पंचवीस वर्षांत वहिनी मैदानाच्या बाजूला फिरकल्या नव्हत्या.

"तू... मैदानावर गेलतीस?"

"मग? तुमी पैलं त्येच इचारणार. दुसरं कोण वरडत येऊन सांगायच्या आधी मी हळू सांगावं म्हटलं."

मारुतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचीही ताकद त्याच्यात नव्हती. जरा वेळानं त्यानं हात पालथा होता तो उताणा केला. "गोळी दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याचं प्रेशर मोजत असताना वहिनी म्हणाल्या, "ह्या भावजींचं बी बघा की." डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला आणि पुन्हा मोजलं.

"काही त्रास होतो?"

"काहीच नाही."

"पुष्कळांना होत नाही," ते म्हणाले. "घरी गेल्यावर मीठ कमी करा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा. टाळू नका."

चार दिवसांनी मी निघालो. मारुती खाटेवर टेकून बसला होता आणि शेजारच्या रुग्णाला दुसरा गोल कसा झाला ते सांगत होता. स्वतः पाहिल्यासारखा, पण हळू आवाजात.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना मला सारखी ती हुपरीची बाई आठवत होती. नाव विचारायचंही राहून गेलं. आपल्या माणसाच्या आजारात शिकलेलं तिनं अनोळखी माणसासाठी वापरलं आणि ती परत कड्या गुंतवायला गेली असेल. माणसं बघायला म्हणून आपण प्रवासाला निघतो. या खेपेला माणसांनीच आम्हाला हातांवर झेलून पुढे पोचवलं.

घरी पोचलो आणि दारातल्या पायरीवर बसलो. चपला काढायच्या आधीच मी बायकोला, सुमतीला, माझं प्रेशर वाढल्याचं सांगितलं. घरातलं सगळं मी तिला सांगत आलो, पण स्वतःच्या शरीराचं कधी बोललो नव्हतो. ती चहाचं आधण ठेवून बाहेर आली होती. माझ्याशेजारी पायरीवर बसली.

"दुखतं का कुठं?"

"नाही. काहीच दुखत नाही."

तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. आत आधण उकळून आटत चाललं होतं. तिला ते ऐकू येत होतं, मलाही. पण ती उठली नाही.