विहिरीत उतरलेला डबा

प्रताप नगरात तेव्हा नळ आले नव्हते. सासऱ्यांनी दिलेली पितळी कळशी माझ्याच हातून विहिरीत पडली आणि तळच्या कपारीत अशी सरकली, की गळ पोचेना. बायकोने दोन दिवस अबोला धरला. शेवटी शेजाऱ्याने वाडीहून एक ट्रकमिस्त्री आणला. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

त्याने घरी बनवलेलं यंत्र आणलं होतं. ॲल्युमिनियमचा डबा, त्यात बसवायला ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी, बाहेर पत्र्याचे पंखे, पुढे दिवा आणि आकडा. लांब वायरच्या वरच्या टोकाची बटणं त्याच्या हातात.

पण मोटारी बाहेरच ठेवून त्याने डब्यात भाजलेला पापड ठेवला, झाकण आवळलं आणि दगड बांधून डबा बुडवला. वर काढल्यावर डोळे मिटून पापड कानाशी मोडला. आवाज आला नाही.

"हे काय चाललंय?" बी.एस्सी. झालेल्या मी विचारलं.

"मोटर भिजली तं खतम, साहेब. पापड भिजला तं दुसरा भाजू. वहिनी, आणखी एक द्या वं!"

त्याने ग्रीस भरलं, रबर बदललं. चौथा पापड कुर्रकन मोडला, तेव्हा कुठे मोटारी आत गेल्या. यंत्र बुडालं, दिवा कपारीकडे वळला आणि थोड्या वेळाने कळशी आकड्याला लटकून वर आली. बायको माझ्याकडे बघून चक्क हसली. मी टाळ्या पिटल्या.

मिस्त्रीने कळशीकडे पाहिलंही नाही. डबा उघडून त्याने आतून बोट फिरवलं आणि ते माझ्या गालाला लावलं.

"पाहा जी साहेब, कोरडं ठाक हाये!"