फाटकावरची बंद रिक्षा

चंदनसारच्या रिक्षावाल्या दादांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं मोजकं; बोलण्याआधी गळ्यातला रुमाल झटकायचे.

दमा असलेल्या माझ्या मुलीला दुपारी शाळेतून आणताना आम्ही रेल्वे फाटकात अडकायचो. डॉक्टर म्हणाले होते, गाड्यांच्या धुरापासून कडक उन्हात एक न दिसणारा वायू बनतो. झाडांची पानं करपवतो, तशी छातीही जाळतो. हे दादांना सांगितल्यापासून ते फाटकावर इंजिन बंद करू लागले.

“बाकीच्यांना काय सांगनार? आपला तरी धूर नको.”

फाटक उघडलं की तापलेली जुनी रिक्षा मग सुरूच व्हायची नाही. “बाय, तू बसून रहा,” असं मुलीला म्हणत ते रिक्षा ढकलत रूळ ओलांडायचे. मागचे हॉर्न वाजवायचे.

पलीकडे मुलगी शांत श्वास घेत असायची. धाप दादांना लागलेली असायची.