तळव्यांनी निवडलेल्या तारा

आमच्या ग्रुपचा एकही कार्यक्रम धड रेकॉर्ड झालेला नाही. गाणी गेली, किस्से मात्र साचत राहिले. चहाला बसलो की एक निघतो आणि त्याला धरून दुसरा येतो. हल्ली त्यातले बहुतेक हरीदादांच्या डबल बासचे असतात. हरीदादांचे कान जात चाललेत. त्यांना वाजवता येतील अशा तारा आणि त्यांचा आवाज स्पीकरकडे नेणारा पिकअप मिळाला नाही, तर त्यांचं वाजवणं थांबणार, हे आम्हाला वर्षभर दिसत होतं.

आम्ही चौघं. मी बोईसरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, रविवारी कीबोर्डवर बसतो. मनीषा सफाळ्याची, शाळेत शिकवते आणि आमच्यात गाते. यादव वेल्डर, ढोलक वाजवतो आणि साउंडचं सगळं तोच बघतो. हरीदादा पालघरजवळच्या माहीमचे, मासेमारी करणाऱ्या घरातले, पण त्यांची सगळी नोकरी गेली कारखान्याच्या कॉम्प्रेसर रूममध्ये. रिटायर झाले तेव्हा वसईच्या एका म्हाताऱ्या वादकाने परदेशात मुलीकडे राहायला जाताना आपला डबल बास त्यांना देऊन टाकला. माणसापेक्षा उंच व्हायोलिन समजा, उभं राहून वाजवायचं. तो माहीमला मासळीच्या टेम्पोतून आला आणि दोन महिने प्रॅक्टिसला बोंबलांचा वास येत होता.

*

आला तेव्हा त्याच्या दोन तारा तुटलेल्या होत्या. नव्या मागवायच्या तर कुठल्या, यावर मी मोबाइलवर वाचत बसलो. तेवढ्यात दादांनी घरातला तंगूस आणला, म्हणजे मासे पकडायची जाड नायलॉनची दोरी, आणि ती बासला चढवूनही टाकली.

"गाठ सुटेल दादा," मी म्हणालो.

"ही गाठ दर्यात सुटत नाय. हितं काय सुटल?"

गाठ सुटली नाही, हे खरंच. पण तंगूस ताणला की लांबतो, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत बास एवढा खाली उतरला की मनीषा गाताना थांबली. "दादा, मी अजून किती उतरू?" तिने विचारलं. आम्ही पोट धरून हसलो. दादा मात्र आमच्याकडे बघत राहिले, कारण सूर उतरलाय हे त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

*

शंका आली म्हणून मी एकदा चहाच्या टपरीवर सरळ विचारलं, "कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होते ना? तुमची कशी व्हायची?"

"पास," दादा म्हणाले.

आता ही तपासणी माझीही होते. कानावर हेडफोन लावतात, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. यात फसवणार कसं?

"तो तपासणारा समोरच बसायचा. बीप द्यायची असली की त्याचा खांदा हलायचा जरा. आमी खांदा बघायचो."

मी विचारलं, कशासाठी? दादांनी कप खाली ठेवला. "नापास झालो असतो तर कॉम्प्रेसरवरनं काढून गेटवर बसवला असता. मशीन सोडून मी काय करणार होतो?" म्हणजे त्यांचे कान वीस वर्षं कागदावर ठणठणीत होते. मला याचं हसूही आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढायचा ते आजही ठरलेलं नाही.

*

यानंतरचा किस्सा सांगताना मला लाज वाटते. तंगूस काढून आम्ही काळ्या नायलॉनच्या तारांचा सेट मागवला होता. आवाज मऊ होता, मनीषाच्या गळ्याला अगदी शोभणारा. पण हॉलमध्ये तो मागे पोचेना, म्हणून पिकअप घेतला. तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारं ते छोटं यंत्र. मी घाईघाईत चुंबकवाला पसंत केला.

पालघरच्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता. पहिल्याच गाण्याला यादवने मिक्सरवर बासचं बटण वर केलं, मग आणखी वर, मग शेवटपर्यंत. स्पीकरमधून काहीच येईना. चुंबकाला लोखंडी तार लागते, नायलॉनची तार त्याच्या लेखी नसतेच. हे मला, लॅबमधल्या माणसाला, आधी कळायला हवं होतं.

दादा डोळे मिटून वाजवत होते. अकरा गाणी वाजवली. आमच्यापैकी कोणीही त्यांना थांबवलं नाही. उतरताना ते खुशीत म्हणाले, "आज मजबूत वाजला, नाय?"

"एकदम, दादा," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मनीषाने त्यांना खरं सांगितलं. ते बासच्या रंग उडालेल्या जुन्या लाकडावरून हात फिरवत बसले.

"तवाच का नाय सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी म्हणालो.

"मंग आज वाटलं." मग म्हणाले, "वाजतोय का नाय, येवढं तरी मला कळाय पायजे. नायतर मी उभा राहणार नाय."

*

तोडगा यादवने काढला. त्याने विचारलं, "दादा, कंप्रेसर में इतना शोर होता था, बेअरिंग खराब है ये कैसे समझते थे? कान से तो नहीं।"

"पायानं," दादा म्हणाले.

यादवने जाड फळी आणली आणि तिच्या पोटाला एक मोठा स्पीकर उलटा ठोकला. या वेळी पिकअप दुसऱ्या जातीचा घेतला, बासच्या घोडीखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीखाली बसवायचा, ज्याला तार कशाची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. वायर फळीला जोडली. दादा चपला काढून फळीवर उभे राहिले.

आधी नायलॉनच्या तारा. दादांनी मान हलवली. "लांबून येतंय. मंग स्टीलच्या लावा."

तारा बदलायला अर्धा तास गेला. स्टीलच्या सर्वांत जाड तारेवर बोट पडलं आणि दादांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. "आली," ते हळूच म्हणाले.

पण आमच्या कानांना तो आवाज कडक लागत होता, आणि मनीषाची हळवी गाणी त्याखाली दबत होती. मी म्हणालो, ऐकणाऱ्यांचाही विचार करायला हवा. यादव ढोलकच्या दोऱ्या ओढत बसला. दादांनी स्टीलच्या तारा सैल करायला घेतल्या.

मनीषाने त्यांचा हात धरला. "राहू देत. मी एक पट्टी वर गाते."

त्या रविवारी तारांचा निकाल लागला.

*

शेवटचा किस्सा यमुनावहिनींचा, दादांच्या बायकोचा. त्या सुकी मासळी विकतात आणि घरात दादांशी ओरडूनच बोलतात, कारण त्याशिवाय पोचत नाही. आमच्या प्रॅक्टिसला त्या कधी फिरकल्या नव्हत्या. त्या दिवशी जेवायला बोलवायला आल्या आणि दोनदा ओरडल्या, पण दादा डोळे मिटून वाजवतच होते.

वहिनींनी मला विचारलं, "फळीवर कशाला उबे राह्यलेत?"

मी सांगितलं. पायातून कळतं म्हणून.

त्यांनी दारातच चपला काढल्या आणि दादांच्या मागे फळीवर जाऊन उभ्या राहिल्या. दादांना पत्ता नव्हता. वहिनी खाली आपल्या पायांकडे बघत होत्या. गाणं चालूच होतं. मग त्यांनी टाच उचलली आणि फळीवर दोनदा हळूच आपटली.

दादांचं बोट तारेवर थांबलं. ते वळले.

"काय गं?"

"काय नाय," वहिनी म्हणाल्या, अगदी हळू. "वाजवा."