नावाआधी काय लावायचं?

चष्मा कपाळावर ढकलून मामा पहिला प्रश्न विचारायचे, "हायत का गेलं?" लग्नपत्रिका छापायला आलेला माणूस दचकायचाच. पण तुम्हीच बघा, पत्रिकेत नावाआधी श्री., सौ., चि. नाहीतर कै. लागतं. त्यात चूक झाली की घरात रडारड, नाहीतर मारामारी.

शाहूपुरीतल्या छापखान्यात ते छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. मी उचगावचा, आमच्या घरातला पहिला बी.ए., तिथं प्रुफं तपासायला होतो.

त्या प्रश्नामागं त्यांचीच एक चूक होती. जयसिंगपूरच्या एका पत्रिकेत आजोबांच्या नावाआधी मागच्या पत्रिकेतलं 'कै.' तसंच राहिलं. चौथ्या दिवशी आजोबा स्वतः हजर. "मला मारलं कुणी?"

"मी," मामा म्हणाले. "बसा, च्या घ्या. जित्तं करून पाठवतो." संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका नव्यानं छापून दिल्या.

छापखान्यात कॉम्प्युटर यायच्या आदल्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मजकूर काकांनी लिहिला. वडिलांना 'कै.', निमंत्रक स्वतः काका. मामांनी कागद वाचून मला विचारलं, "आई हायत का गेलं?"

"हाय की."

"मग ह्यात कुठं हाय?"

सोबत आलेले काका मध्ये पडले. "विधवेचं नाव आमच्यात घालत न्हाईत, मामा. लईच वाटलं तर खाली कोपऱ्यात 'ग.भा.' लावून टाका."

मामा माझ्याकडं वळले. "बी.ए. न्हवं तू? का तोंड नुसतं प्रुफं वाचायला हाय?"

आईनं लोकांच्या रानात भांगलून मला शिकवलं. आणि तो कागद घरी दोनदा वाचून मी गप्प बसलो होतो. मी म्हणालो, "श्रीमती लावा. निमंत्रक आई. काका तिच्याखाली."

"मग मी लग्नाला येणार न्हाय," म्हणत काका तरातरा निघून गेले. लग्नात पहिल्या पंगतीला मात्र तेच होते.

कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, मामा कागलकडं आपल्या गावी गेले. परत भेट नाही.

त्यांची आठवण निघाली की पत्रिका न्यायला आई आली होती ती दुपार दिसते. तिला वाचता येत नव्हतं. मामांनी मशीनवरून नुकतीच उतरलेली पत्रिका तिच्यापुढं धरली आणि एक ओळ दाखवली. "वैनी, ह्या तुम्ही."

आईनं त्या ओळीवर बोट टेकवलं. शाई ओली होती. घरी जाताना बसमध्ये ती ते काळं बोट पदराला लागू नये म्हणून वर धरून बसली होती.