आईच्या केसांतले खवले

आधीच सांगते, मी धारच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. करणी, उतारे, अंगात येणं... असलं काही कुणी सुरू केलं की मी तिथून उठून जायचे. म्हणून तर हे इतकी वर्षं बोलले नाही.

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी घडलेली गोष्ट. सुटीत मी देवासला, टेकडीखालच्या आमच्या घरी आले होते. दादा नौदलात, तोही आलेला. आईसाठी त्यानं समुद्राचं पाणी आणलं होतं, बाटलीचं बूच लाखेनं बंद करून. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण सोमवती अमावास्येला समुद्रस्नान घडावं ही तिची फार इच्छा. सोमवती आली तशी तिनं रिवाजाप्रमाणे ते पाणी वस्त्रगाळ केलं, घंगाळात ओतलं आणि डोक्यावरून नाहली.

दादाचं आपलं एकच पालुपद — पाणबुडी मारायचं नवं अस्त्र. "अगं, पूर्वी बॉम्बची पिंपं जहाजामागून ढकलायचे. आता डेकवरून उडतात, थेट पाणबुडीच्या डोक्यावर. उद्या रॉकेट लावतील, मग तर कोसभर लांब." चाचण्यांना हा स्वतः हजर.

नाहल्याच्या दुसऱ्या दिवशी आईची वेणी घालताना फणीत काहीतरी चिकट आलं. खवले होते... माशाचे. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही, आणि आईच्या केसांत हे! कुजका वास इतका, की मी फणी नाकापासून लांब धरली. शिकेकाईनं डोकं धुतलं, सकाळी पुन्हा तेच. घंगाळ चिंचेनं घासून माझे हात सोलवटले. आईला वरणभातालाही तोच वास यायचा, घास तोंडाशी नेला की ओकारी. वैद्यबुवा दादाला म्हणाले, "कोंडा है भिया, और कुछ नी." मी खवल्यांची पुडी त्यांच्या नाकाशी धरली तेव्हा निघून गेले. आईला आता उठून बसवेना. ही काही जगत नाही, असं मला वाटायला लागलं.

शेवटी मी ती पुडी दादापुढे आपटली. "काय आणलंस हे?"

अंथरुणावरून आईच बोलली, डोळे मिटूनच, "त्यांच्या पोटात अंडी होती ना रे, बाळ?"

दादा पांढराफटक पडला. मग सगळं सांगितलं. चाचणी झाली की जहाजाभोवती मेलेल्या माशांचा नुसता थर यायचा, डोळे बाहेर, पोटं फुटलेली. मंडळी बादल्या भरभरून वर घ्यायची आणि तळायची. यानं स्वतः ते चिरले होते, अंडी ओरबाडून फेकली होती, चवीनं खाल्ले होते. आणि आईचं पाणी त्याच घाणीतून भरलं. "समंदरचंच तर होतं," म्हणतो. सख्ख्या भावाची मला शिसारी आली. अजून येते.

त्या दुपारी आई मऊ भात जेवली. केस स्वच्छ झाले.

तिला यातलं अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. आणि गाळलेल्या पाण्यातून खवले कसे येतील? विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, पण हे मला सुटलेलं नाही.

दादा सुटी अर्धी टाकून गेला. त्याची फणी कोनाड्यात राहिली होती. दात खवल्यांनी भरलेले. मी ती चिमट्यानं उचलली आणि चुलीत घातली.